माईंसाठी एकवीस किलोमीटर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मंडळात इतकी वर्षे माझे काम परातीपाशी आणि कढईपाशी, ध्वनिक्षेपकापाशी नव्हे. परंतु कार्यवाहबाई म्हणाल्या, “तुम्ही धावलात ते सगळ्यांनी पाहिलं. का धावलात ते तुम्हीच सांगा.” त्यांचा शब्द मोडवेना म्हणून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

माईंना आपण सगळ्या ओळखत होतो. नव्या आलेल्या सुनांसाठी सांगते. आपल्या मंडळाच्या पापड-भाजणीच्या उद्योगाचा हिशेब माई ठेवीत. त्यांच्या वहीत चार आण्याची चूक कधी निघाली नाही, असे जुन्या बायका म्हणतात. मी २००३ साली मंडळात आले तेव्हा नवी नवरी होते. भाजणीचे धान्य किती भाजायचे हेही मला ठाऊक नव्हते. माईंनी हात धरून शिकवले. तांदूळ वेगळा, डाळी वेगळ्या, धणे-जिरे शेवटी, आणि गॅस मंद. “घाई केलीस तर वरून लाल दिसेल नि आत कच्चं राहील,” असे त्या म्हणायच्या. तेव्हापासून २०२४ पर्यंत, एकवीस वर्षे आम्ही दोघी एका कढईच्या दोन बाजूंना बसलो. नोकरी करणाऱ्या बायकांना कचेरीत सहकारी असतात. माझ्या माई तशाच, किंबहुना त्याहून अधिक.

आता जे सांगायचे ते सांगताना जीभ जड होते. पण ते सांगितल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही. माईंच्या मुलीला मी आधी विचारले आहे. ती आज समोर बसली आहे.

२०२२ सालच्या दिवाळीच्या ऑर्डरी चालू होत्या. दुपारची वेळ, बाकीच्या बायका जेवायला गेलेल्या. माई हळूच म्हणाल्या, “अगं, छातीत डाव्या बाजूला एक गाठ लागतेय हाताला. वाटाण्याएवढी.” मी विचारले, “दुखते का?” त्या म्हणाल्या, “नाही गं.” आणि मी म्हणाले, “मग काही नाही. वाताची असेल. दुखली असती तर काळजी.” माईंना तेवढेच हवे होते. त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाल्या, “कुणाला बोलू नकोस हं. उगीच घरात घोर लागेल.” मी मान डोलावली आणि पुढचा घाणा कढईत टाकला.

भगिनींनो, न दुखणारी गाठ म्हणजे बिनधोक गाठ, ही समजूत साफ चुकीची आहे. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण ठाऊक नसताना मी ठाऊक असल्यासारखे बोलले, हा माझा दोष. “मला माहीत नाही, आपण डॉक्टरांकडे जाऊ,” एवढे सहा-सात शब्द बोलायला सातवीच्या पुढचे शिक्षण लागत नाही.

२०२३ च्या जूनमध्ये काखेत गाठ आली आणि हात सुजला, तेव्हा घरात कळले. परळच्या टाटा रुग्णालयात नेले. आठ महिने उशीर झाला होता. उपचार झाले, केस गेले, पुन्हा थोडे आले. त्या काळातही माई वही मागवून घेत आणि बेरजा तपासत. मार्च २०२४ मध्ये, गुढीपाडव्याच्या आधी, त्या गेल्या.

तेरावे झाले. सगळ्यांनी माझे सांत्वन केले, कारण मी त्यांची जवळची. आणि मला आत एकच वाक्य ऐकू येत होते, “मग काही नाही, वाताची असेल.” शेवटी एका संध्याकाळी मी माईंच्या मुलीकडे गेले आणि सगळे सांगून टाकले. वाटले होते, ती मला घराबाहेर काढील. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मावशी, आईने आम्हाला तेवढंसुद्धा सांगितलं नव्हतं. तुम्हाला तरी सांगितलं.” मग तिने चहा टाकला. मला वाटते, माझा धावण्याचा विचार त्या चहाच्या कपातून सुरू झाला. ज्या गोष्टीविषयी माई बोलू शकल्या नाहीत आणि मी बोलले ते चुकीचे बोलले, त्या गोष्टीविषयी गिरगावातल्या बायकांना बोलते करायचे, एवढे मनाशी ठरले.

आता धावण्याचा आणि याचा संबंध काय, असे आमच्या सासूबाईंनीही विचारले. तर माझा मुलगा महाविद्यालयात आहे. त्याने मला कॅनडातल्या टेरी फॉक्स नावाच्या मुलाची हकिकत वाचून दाखवली. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. रुग्णालयात त्याने आपल्याबरोबरचे रुग्ण पाहिले, कित्येक लहान मुले पाहिली. आपण सुटलो, ती सुटली नाहीत, हे त्याच्या मनातून जाईना. १२ एप्रिल १९८० रोजी तो लाकडाचा नव्हे, पण तसाच एक कृत्रिम पाय लावून देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ बेचाळीस किलोमीटर धावे. देशातल्या प्रत्येक माणसाने एक डॉलर द्यावा, एवढीच मागणी. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि रोग फुप्फुसात पोचल्यामुळे त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो गेला, तेव्हा तेवीस वर्षांचाही नव्हता. पण त्याआधीच डॉलरांचा आकडा देशाच्या लोकसंख्येइतका, म्हणजे दोन कोटी चाळीस लाखांच्या पुढे गेला होता. त्याच्या नावाने अजूनही लोक दरवर्षी धावतात.

हे ऐकून मी मुलाला म्हटले, “त्याला एक पाय होता. मला दोन आहेत, जरी गुडघे कुरकुरत असले तरी.”

मग अंतर ठरवले. माईंबरोबर एकवीस वर्षे काम केले, तेव्हा एका वर्षाला एक किलोमीटर, असे एकवीस. मुलगा म्हणाला, “आई, ही तर अर्धी मॅरेथॉन झाली.” पूर्ण मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते, हे तेव्हा मला कळले. जागाही दूर शोधायला नको. आपला मरीन ड्राइव्ह चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत सुमारे ३.६ किलोमीटर आहे. जाऊन-येऊन ७.२. अशा तीन खेपा केल्या की एकवीस पुरे होऊन वर थोडे उरते. भाजणीचे माप घालण्यासारखाच हिशेब.

पैशाची पद्धत अशी ठरली. ज्याने त्याने किलोमीटरमागे आपल्याला झेपेल ते कबूल करायचे. कुणी एक रुपया, कुणी पाच, कुणी पन्नास. मी जितके किलोमीटर पुरे करीन तितक्याच किलोमीटरांचे पैसे द्यायचे. जमलेल्या रकमेतून मंडळाच्या सभागृहात बायकांच्या तपासणीचे शिबिर घ्यायचे, आणि ज्यांना पुढच्या तपासण्या लागतील त्यांचा खर्च करायचा. कमिटीपुढे विषय आला तेव्हा एका बाईंनी विचारले, “नुसती पेटी ठेवली तर नाही का चालणार? पळायला कशाला हवं?” प्रश्न रास्त होता. मी म्हटले, “पेटीत लोक पैसे टाकतील आणि पुढे जातील. मी धावले तर विचारतील, का धावता? मग मला सांगावं लागेल आणि त्यांना ऐकावं लागेल.”

घरातही विरोध झाला. सासूबाई म्हणाल्या, “या वयात बाईमाणसाने रस्त्यावर पळायचं? लोक काय म्हणतील?” त्यांचा राग मी मानला नाही. बायकांच्या धावण्याला नाके मुरडण्याची रीत फक्त आपल्याकडची नाही. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, त्यातल्या काही शेवटी दमून खाली बसल्या, तर ते त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यतच बंद केली. ती १९६० पर्यंत पुन्हा झाली नाही. जणू पुरुष धावून दमतच नाहीत! बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला तर १९८४ साल उजाडले. आणि आपल्याकडच्या बारामतीच्या लता करे यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. साठी उलटलेली कष्टकरी बाई. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. त्यांच्यावर पुढे मराठी चित्रपट निघाला. ही गोष्ट मी सासूबाईंना सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात दोन खजूर जास्त होते.

२०२४ च्या जुलैत सराव सुरू केला. पहाटे साडेचारला उठायचे, पाणी भरायचे, कुकर लावून ठेवायचा आणि ठाकूरद्वाराच्या सिग्नलवरून खाली उतरायचे. मुलाचे जुने बूट घातले तर पायाला फोड आले. मग आमच्या ह्यांनी न बोलता नवे बूट आणून दिले. पहिल्या दिवशी चौपाटीपासून हिंदू जिमखान्यापर्यंतही पळता आले नाही. छाती भात्यासारखी. आपण नेहमी पाच जिने चढतो-उतरतो, घागरी उचलतो, म्हणून मला वाटले होते की सहज जमेल. तो गर्व पहिल्याच दिवशी उतरला. मग एका शिकवणाऱ्या मुलीने युक्ती सांगितली. दोन मिनिटे धावा, दोन मिनिटे चाला. दर आठवड्याला थोडे वाढवा, आणि आठवड्यातून दोन दिवस पायांना पूर्ण विश्रांती द्या. पावसात लाटा कठड्यावरून रस्त्यावर येत, तेव्हा मी चाळीचे जिने चढत-उतरत असे. शेजारच्या आजोबांना वाटले, हिचे काही हरवले आहे.

आणि जसे मी म्हटले होते तसे झाले. भाजीवाली विचारी, “ताई, रोज कुठे पळता?” मी सांगे. प्रथम मला तो शब्दच उच्चारता येईना. ‘छातीचा आजार’ म्हणायची. एकदा दूधवाल्याच्या बायकोने विचारले, “छातीचा म्हणजे खोकल्याचा का?” तेव्हा समजले की आडपडद्याने बोलून भागणार नाही. त्या दिवसापासून मी सरळ ‘स्तनाचा कर्करोग’ म्हणू लागले. आकाश कोसळले नाही. उलट बायका जवळ येऊन हळू आवाजात विचारू लागल्या. कुणाच्या आईला झाला होता, कुणाच्या नणंदेला. इतकी वर्षे एका नळावर पाणी भरले, पण हे कुणी कुणाला सांगितले नव्हते.

१५ डिसेंबर २०२४, रविवार. पहाटे पाचला चौपाटीवरून निघाले. हवा गार होती. मुलगा सायकलवर बरोबर, त्याच्याकडे मीठ-साखर-लिंबाचे पाणी. पहिली खेप अंधारातच झाली. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना मागे पडले, एअर इंडियाची इमारत आली, तिथून पुढे टोकापर्यंत जाऊन परत. दुसरी खेप संपताना उजाडले. चौपाटीवर पाहते तो मंडळाच्या पंधरा-वीस बायका उभ्या. कुणी चहाची किटली आणलेली, कुणी नातवंडे आणलेली. माईंची मुलगी हातात माईंची हिशेबाची वही घेऊन उभी होती. मी परत आले की ती किलोमीटर मांडी.

तिसऱ्या खेपेत सतरावा किलोमीटर चालू असताना उजव्या पोटरीत गोळा आला. पाय टेकवेना. मी कठड्यावर बसले. मुलगा म्हणाला, “आई, पुष्कळ झालं. सतराचे पैसे मिळतील.” खरे सांगते, मलाही उठावेसे वाटत नव्हते. पण मनात आले, उरलेली चार वर्षे कुठली? २०२० पासून २०२४. म्हणजे टाळेबंदीत माई घरोघर फोन करून बायकांना पापडाची कामे वाटून देत होत्या ते वर्ष, भाजणी भाजताना त्यांनी मला विश्वासाने सांगितले ते वर्ष, आणि आजारपणाची वर्षे. नेमकी तीच कशी सोडू? पोटरी चोळली, पाणी प्यायले आणि चालू लागले. धावणे पुढे जमलेच नाही. शेवटचे चार किलोमीटर मी चालत, लंगडत पुरे केले. सारे मिळून तीन तास आणि पन्नास मिनिटे लागली. शर्यतीत धावणारे याला हसतील. पण वहीत एकवीस आकडे मांडले गेले, आणि बेरीज बरोबर आली.

जमाखर्च कार्यवाहबाईंनी अहवालात दिलाच आहे, तो मी पुन्हा सांगत नाही. एवढेच सांगते की भाजीवालीने किलोमीटरमागे दोन रुपये कबूल केले होते, तिने बेचाळीस रुपये मोजून आणून दिले, आणि ते घेताना माझे डोळे भरून आले. सासूबाईंनी आपल्या पेन्शनीतून पाचशे दिले. वर म्हणाल्या, “हे पळण्याचे नाहीत. लंगडत का होईना पुरं केलंस त्याचे आहेत.”

शिबिर फेब्रुवारी २०२५ मध्ये झाले. तपासायला आलेल्या डॉक्टरबाईंनी त्या दिवशी जे सांगितले ते थोडक्यात सांगते, कारण माझ्या बोलण्यातले घरी नेण्यासारखे तेवढेच आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या गरीब वस्त्यांमधील सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, स्तनांची तपासणी झाली. कुठलेही मोठे यंत्र नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने केलेली तपासणी. पुढे वर्षानुवर्षे त्यांची माहिती ठेवली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या बायकांमध्ये रोग लवकर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मृत्यूंमध्ये तसा फरक दिसला नाही, हेही डॉक्टरबाईंनी लपवले नाही. पण गाठ लागली तर वय कोणतेही असो, दाखवायचीच. माई अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या.

ध्यानात ठेवायचे ते असे. स्तनात किंवा काखेत गाठ लागणे, कातडीला खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, बोंड आत ओढले जाणे, त्यातून रक्त किंवा पाणी येणे, यांतले काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. दुखत असो वा नसो. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, म्हणून घाबरून जायचे कारण नाही. पण कोणती गाठ कसली, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मी नाही, शेजारणीने नाही, आणि ज्या बाईला गाठ आहे तिनेही नाही.

शिबिराला शहाऐंशी बायका आल्या. सासूबाई रांगेत पहिल्या होत्या. म्हणाल्या, “मी गेले तर बाकीच्या येतील.” चौघींना पुढच्या तपासणीला पाठवले. तिघींचे काही निघाले नाही. चौथीच्या गाठीत रोग निघाला, पण अगदी सुरुवातीचा. शस्त्रक्रिया झाली आहे, उपचार चालू आहेत, आणि डॉक्टरांना चांगली आशा आहे. ती बाई कोण, हे मी सांगणार नाही आणि तुम्हीही शोधू नका. तिने मला एवढेच विचारले, “वहिनी, माझी गाठसुद्धा दुखत नव्हती. तुम्ही पळाला नसता तर?” मला उत्तर देता आले नाही.

माझ्या एकवीस किलोमीटरांनी माई परत आल्या नाहीत. माझ्या त्या वाक्याचा डागही धुऊन गेला असे मी म्हणणार नाही. पण आता ते वाक्य ऐकू आले की त्याच्या पाठोपाठ त्या चौथ्या बाईचा प्रश्नही ऐकू येतो, आणि रात्री झोप लागते.

यंदाच्या डिसेंबरात पुन्हा तीन खेपा करायच्या आहेत. या वेळी एकटीने नको. सात जणींनी तीन-तीन किलोमीटर घेतले तरी एकवीस होतात. धावा, चाला, काठी टेकत या, सगळे चालेल. नावे दाराशी ठेवलेल्या वहीत लिहायची आहेत. वही माईंचीच आहे, पाने शिल्लक आहेत. आणि ज्यांना चालायला जमणार नाही त्यांनी एवढे करावे. आज घरी गेल्यावर सुनेला, सासूला, मुलीला, शेजारणीला एकदा विचारावे, “तुला काही लागतंय का गं हाताला?” आणि ती “हो” म्हणाली, तर चप्पल घालून तिच्याबरोबर निघावे.